डोक्याबाहेरचा आवाज



या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढाया, किल्ले, तह आणि मोहिमा यांच्याबद्दल बोलतो. आजचा विषय पहिल्या क्षणी परका वाटेल. हेडफोन लावून गाण्याचं मिक्सिंग करणाऱ्या माणसाला समोर दोन स्पीकर वाजत असल्याचा भास करून देणारी साधनं, हा तो विषय. पण त्याची मुळं नौदलाच्या रेडिओत, विमानं हेरणाऱ्या कर्ण्यांत आणि रडारच्या प्रयोगांत आहेत. त्यामुळे माझ्यासारख्या निवृत्त फौजी माणसाने त्यावर बोलायला हरकत नाही.

विषय निवडण्याचं दुसरंही कारण आहे. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळुरू, जिथे जिथे आपली मराठी घरं आहेत तिथे आज एखादा मुलगा किंवा मुलगी घरच्या संगणकावर गाणं तयार करत असते. त्यांच्याकडे स्टुडिओ नाही, पण हेडफोन आहे. आणि आता त्यांना सांगितलं जातं की अमुक सॉफ्टवेअर घ्या, म्हणजे लंडनच्या स्टुडिओत बसल्यासारखं ऐकू येईल. हा जाहिरातीचा फुगा आहे की त्यामागे खरं शास्त्र आहे? उत्तर इतिहासात सापडतं, आणि तो इतिहास एकशे चाळीस वर्षांहून जुना आहे.

आधी मिक्सिंग म्हणजे काय ते थोडक्यात. गायकाचा आवाज, तबला, बासरी, बेस गिटार, कोरस हे सगळं वेगवेगळं ध्वनिमुद्रित झालेलं असतं. कोणता आवाज किती मोठा, कोणता डावीकडे, कोणता उजवीकडे, कोणाला किती घुमारा द्यायचा, हे ठरवून सगळं दोन वाहिन्यांत उतरवायचं. त्या दोन वाहिन्या म्हणजे स्टिरिओ. हे काम परंपरेने दोन स्पीकरसमोर बसून होतं.

पॅरिस, १८८१

१८८१ साली पॅरिसमध्ये विजेचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं. क्लेमां आदेर नावाच्या फ्रेंच अभियंत्याने ऑपेरागृहाच्या रंगमंचावर, पुढच्या दिव्यांच्या ओळीत, टेलिफोनचे प्रेषक बसवले आणि त्यांच्या तारा प्रदर्शनाच्या इमारतीपर्यंत नेल्या. तिथे प्रेक्षक दोन रिसीव्हर हातात घेऊन दोन कानांना लावत. डाव्या कानाचा रिसीव्हर रंगमंचाच्या एका भागाला जोडलेला, उजव्या कानाचा दुसऱ्या भागाला. गायक रंगमंचावर चालू लागला की ऐकणाऱ्यालाही तो सरकताना जाणवे. स्टिरिओ हा शब्द ध्वनीसाठी रुळण्याच्या कितीतरी आधी लोकांनी स्टिरिओ ऐकला, आणि तोही स्पीकरवर नाही, कानाला लावून. म्हणजे कालक्रमाने पाहिलं तर हेडफोन थोरला आणि स्पीकर धाकटा.

हे का घडतं, याचा पक्का खुलासा १९०७ साली लॉर्ड रॅले यांनी केला. नोबेल मिळवलेला हा भौतिकशास्त्रज्ञ सांगतो की दिशा ओळखायला आपल्याकडे दोन मुख्य खुणा आहेत. आवाज डावीकडून आला तर तो डाव्या कानाला आधी पोचतो आणि उजव्या कानाला किंचित उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन तृतीयांश इतकाच असतो, पण मेंदू तो टिपतो. दुसरी खूण म्हणजे डोक्याची सावली. बारीक, उंच स्वर डोक्याने अडतात आणि पलीकडच्या कानाला मंद ऐकू येतात. खर्जाचे स्वर मात्र डोक्याला वळसा घालून जातात, म्हणून तिथे वेळेचा फरकच कामाला येतो.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ऐकण्याचं काम एकटा कान करत नाही. मधे असलेलं डोकंही त्यात भाग घेतं.

कर्णे आणि सैनिक

१९१०च्या सुमारास अमेरिकेतल्या युटाहमध्ये नॅथॅनियल बाल्डविन याने आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवले आणि अमेरिकन नौदलाकडे तपासायला पाठवले. नौदलाला ते इतके पसंत पडले की त्यांनी मागणी नोंदवली. आपल्या आजच्या हेडफोनचा हा पूर्वज. पण त्याचं काम होतं क्षीण रेडिओ संदेशातले शब्द आणि ठोके स्पष्ट ऐकवणं. फौजेतल्या रेडिओ सेटवर मी वर्षानुवर्षं असंच ऐकत आलो. तिथे आवाज डावीकडून येतो की उजवीकडून, याला काडीची किंमत नसते. शब्द कळला पाहिजे, एवढंच.

दिशेची किंमत दुसरीकडे होती. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या तोफा आणि विमानं कुठे आहेत हे कानांनी शोधावं लागे. जर्मन सैन्यासाठी माक्स वेर्टहाइमर आणि एरिक फॉन होर्नबोस्टेल या दोघांनी दिशा ओळखणारं एक श्रवणयंत्र तयार केलं. तत्त्व सोपं होतं. दोन ग्राहक एकमेकांपासून लांब ठेवायचे आणि त्यांच्या नळ्या सैनिकाच्या दोन कानांना जोडायच्या. दोन कानांमधलं अंतर जणू काही पटींनी वाढलं, त्यामुळे वेळेचा फरकही वाढला आणि दिशा अधिक नेमकी कळू लागली. आवाज डोक्याच्या मध्यभागी आला की यंत्राचं तोंड शत्रूकडे वळलेलं आहे, असं समजायचं.

यातला होर्नबोस्टेल आपल्याला अगदीच अनोळखी नाही. तो मुळात जगभरच्या संगीताचा अभ्यासक. ओटो आब्राहाम याच्याबरोबर त्याने फोनोग्राफवर मुद्रित भारतीय चालींवर १९०४ साली जर्मन भाषेत निबंध लिहिला होता. एकाच माणसाच्या कामात आपले राग आणि तोफांची दिशा शेजारी शेजारी येतात, ही इतिहासाची गंमत.

दिशेच्या बाबतीत कानाला फसवताही येतं, हे प्रत्येक सैनिक शिकतो. रायफलची गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जाते. ती जवळून गेली की आधी ‘कडाक्’ असा आवाज येतो आणि क्षणभराने बंदुकीचा ‘धप्’. पहिला आवाज दिशेबद्दल दिशाभूल करतो, दुसरा खरी जागा सांगतो. दोन्हींमधल्या वेळेवरून अंतराचा अंदाज बांधता येतो. आणि संशय आला की आपण काय करतो? मान वळवतो. मान वळवल्यावर आवाजाची जागा पक्की होते, हे हान्स वालाख या मानसशास्त्रज्ञाने १९४० साली प्रयोगांनी दाखवलं. हा वालाख पुढे पुन्हा भेटेल.

ब्लमलाइनची अडचण

१९३१ साली लंडनमध्ये ईएमआय कंपनीतला अ‍ॅलन ब्लमलाइन हा तरुण अभियंता एका प्रश्नाने पछाडला होता. बोलपटात नट पडद्याच्या एका टोकाला असतो आणि आवाज भलतीकडून येतो. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्याने जो पेटंट अर्ज दाखल केला, तो आजच्या स्टिरिओचा पाया आहे.

त्याची खरी हुशारी अशी. माणसाच्या डोक्याएवढ्या अंतरावर दोन मायक्रोफोन ठेवले, तर हेडफोनवर त्यांचा उपयोग होतो, कारण डाव्या मायक्रोफोनचा आवाज फक्त डाव्या कानाला मिळतो. स्पीकरवर तसं होत नाही. डाव्या स्पीकरचा आवाज डाव्या कानाला तर जातोच, पण डोक्याला वळसा घालून उजव्या कानालाही जातो. उजव्याचंही तसंच. दोन स्पीकर, दोन कान, एकूण चार वाटा. म्हणून हेडफोनसाठीचा फरक स्पीकरसाठी वेगळ्या रूपात बदलून घ्यावा लागतो, आणि ते करणारं मंडल त्याने आखलं. हेडफोन आणि स्पीकर या दोन वेगळ्या भाषा आहेत आणि मधे भाषांतरकार लागतो, हे त्याने तेव्हाच ओळखलं होतं.

जानेवारी १९३४ मध्ये अ‍ॅबी रोड स्टुडिओत सर टॉमस बीचम मोत्झार्टच्या ज्युपिटर सिंफनीचा सराव घेत असताना ब्लमलाइनने तो स्टिरिओत मुद्रित केला. पुढे युद्ध आलं आणि तो रडारकडे वळला. ७ जून १९४२ रोजी एच-टू-एस या रडारची चाचणी चालू असताना त्याचं हॅलिफॅक्स विमान कोसळलं. वय ३८. नावावर १२८ पेटंट. स्टिरिओ तबकडी घरोघरी पोचलेली पाहणं त्याच्या नशिबात नव्हतं.

अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर यांचा चमू त्याच काळात दोन्ही वाटा चाचपत होता. १९३३च्या शिकागो प्रदर्शनात त्यांनी ‘ऑस्कर’ नावाचा पुतळा ठेवला. त्याच्या डोक्यात कानांच्या जागी मायक्रोफोन होते. पुतळ्याच्या भोवती कोणी फिरलं, कुजबुजलं, की हेडफोन लावलेल्या लोकांना ते आपल्याच भोवती घडतंय असं वाटे. आणि २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियातला वाद्यवृंद तीन वाहिन्यांनी वॉशिंग्टनच्या सभागृहात, स्पीकरवर, ऐकवला गेला. फिलाडेल्फियात दुसऱ्याने संचालन केलं आणि मुख्य संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की वॉशिंग्टनला नियंत्रणाच्या मुठींपाशी बसला. काठी खाली ठेवून बटणं हातात घेणारा हा संगीतकार म्हणजे मिक्सिंग अभियंत्याचं आद्य रूप म्हणायला हवं.

चार वाटांचं गणित

१९५८ साली स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या. त्याच वर्षी अमेरिकेत जॉन कॉस याने संगीत ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन आणले. पण तबकड्या स्पीकरसमोर बसून मिक्स केलेल्या. त्या हेडफोनवर ऐकल्या की गिटार कानाला चिकटे, गायक कपाळाच्या आत गाऊ लागे. ज्या चार वाटा गृहीत धरून मिक्स केलं होतं, त्यातल्या आडव्या दोन वाटा हेडफोनने बंद केल्या होत्या.

बेंजामिन बाउअर या अभियंत्याने १९६१ साली यावर उपाय छापला. डाव्या वाहिनीचा थोडा आवाज, किंचित उशिराने आणि उंच स्वर थोडे दाबून, उजव्या कानाला द्यायचा, उजव्याचा डाव्याला. उशीर किती? स्पीकर समोरच्या सरळ रेषेपासून ३० अंशांवर असेल, तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या साधारण पाव हिस्सा. या युक्तीला क्रॉसफीड म्हणतात, आणि आजच्या सगळ्या स्पीकरभासाची ती पणजी.

आता आपल्या देशाचा धागा. कानपूरला जन्मलेले, लखनौ विद्यापीठात आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले बिष्णू अटल १९६१ साली बेल प्रयोगशाळेत दाखल झाले. मान्फ्रेड श्रोडर यांच्याबरोबर त्यांनी नेमकं उलटं काम केलं. चारही वाटा मोजल्या, तर आडव्या दोन वाटांचा परिणाम गणिताने पुसता येईल का? आला. मग फक्त दोन स्पीकरच्या मदतीने, जिथे स्पीकरच नाही अशा ठिकाणाहून आवाज आल्याचा भास निर्माण करता आला. अटल यांचं नाव आपण ऐकतो ते मोबाईलमधल्या आवाजाच्या संक्षेपासाठी. हे दुसरं काम फारसं कोणाला माहीत नाही.

बाउअर आणि अटल-श्रोडर ही एकाच नाण्याची दोन अंगं आहेत. चार वाटांचं गणित एकदा हातात आलं, की ती जोडून हेडफोनला स्पीकर बनवता येतं आणि पुसून स्पीकरला हेडफोन. आजचं सॉफ्टवेअर पहिलं काम करतं.

डोकं मोजणं

पण कोणाचं डोकं? रॅलेच्या दोन खुणांनी डावं-उजवं कळतं; पुढचं-मागचं आणि वरचं-खालचं कळत नाही. ते कळतं कानाच्या पाळीच्या वळ्यांमुळे. प्रत्येक दिशेने येणारा आवाज त्या वळ्यांवर वेगळा आपटतो आणि काही स्वर दबतात, काही उठतात. मेंदू लहानपणापासून आपल्याच कानाची ही लिपी वाचायला शिकलेला असतो.

म्हणून मोजमाप सुरू झालं. १९७३ साली नॉयमान कंपनीने कृत्रिम डोक्याचा मायक्रोफोन आणला. १९९४ साली एमआयटीत बिल गार्डनर आणि कीथ मार्टिन यांनी एका प्रमाणित पुतळ्याभोवती ७१० जागांवरून आवाज सोडून मोजमापं घेतली आणि ती सर्वांना खुली केली. २००१ साली कॅलिफोर्नियात ४५ जणांच्या, त्यात पुतळाही धरून, मोजमापांचा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं की कानांची ठेवण माणसागणिक चांगलीच वेगळी असते. दुसऱ्याच्या कानांनी ऐकलं की पुढचा आवाज मागून किंवा कपाळावरून आल्यासारखा वाटू शकतो.

याच टप्प्यावर वालाख परत येतो. खऱ्या खोलीत मान वळवली तरी स्पीकर जागेवर राहतो. हेडफोनमध्ये मान वळवली की सगळी खोली मानेबरोबर फिरते आणि भास तुटतो. म्हणून डोक्याची हालचाल टिपून त्या क्षणी गणित बदलणारी यंत्रणा आली. ब्रिटनच्या स्मिथ रिसर्चने तर ऐकणाऱ्याच्याच कानात बारीक मायक्रोफोन ठेवून, खऱ्या खोलीतले खरे स्पीकर मोजून ते हेडफोनमध्ये उतरवण्याची सोय केली. २०१६ नंतर वेव्ह्ज आणि २०२०च्या सुमारास स्टीव्हन स्लेट ऑडिओ यांसारख्या कंपन्यांनी अशी साधनं साध्या संगणकावर आणली. त्यांत नुसते स्पीकर नसतात, नामांकित स्टुडिओंच्या खोल्याही असतात.

दहा बाय बाराची खोली

कोणी विचारेल, एवढा खटाटोप कशासाठी? सरळ दोन चांगले स्पीकर का घेऊ नयेत? कारण अडचण खोलीत आहे. आपल्याकडच्या दहा बाय बारा फुटांच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाज उभा राहतो. दहा फुटांच्या अंतरात सुमारे ५६ हर्ट्झला, बारा फुटांच्या अंतरात सुमारे ४७ हर्ट्झला. बेस गिटारची मोकळी ए तार वाजते ५५ हर्ट्झला. म्हणजे त्या खोलीत ती तार एका कोपऱ्यात गडगडते आणि मधोमध बसलं तर जवळजवळ नाहीशी होते. ऐकणारा बिचारा बेस वाढवत जातो, आणि तेच गाणं मोटारीत लावलं की दारं थरथरतात. ही खोली सुधारायची तर जाड शोषक भिंती हव्यात, जागा हवी, पैसा हवा. भाड्याच्या घरात घरमालकाची परवानगी हवी आणि रात्री अकरानंतर शेजाऱ्यांचा आशीर्वादही.

हेडफोन ही खोलीच काढून टाकतो. स्पीकरभासाचं साधन तिच्या जागी दुसरी, शिस्तीची खोली बसवतं. ज्यांच्या वाट्याला कधी स्टुडिओ येणार नाही, त्यांच्यासाठी हे दार उघडणं आहे. मिक्सिंगची कला आजवर ज्यांच्या हाती चांगली खोली होती त्यांच्याच हाती राहिली. ती अट सैल होते आहे, हे मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

दुसरी शंका: आता लोक ऐकतातच इअरफोनवर, मग स्पीकरचा भास हवा कशाला? पण आपलं गाणं एका जागी राहत नाही. तेच भजन मोबाईलवर वाजतं, रिक्षात वाजतं, मांडवातल्या कर्ण्यावर वाजतं. हेडफोनवर दोन टोकांना ताणलेली वाद्यं तिथे एकत्र येतात आणि एकमेकांना गिळतात. हेडफोनवर बारीकसा घुमाराही स्पष्ट ऐकू येतो, म्हणून तो कमी दिला जातो आणि बाहेर गाणं कोरडं पडतं. चार वाटांनी ऐकून केलेला तोल अशा बहुतेक ठिकाणी तग धरतो.

तरीही मोठ्या अपेक्षा ठेवू नका. फौजेत मोहिमेआधी सँड मॉडेल करतात. मातीत डोंगर, नाले, वाटा उभ्या करून त्यावर योजना समजावतात. सँड मॉडेलशिवाय कोणी शहाणा कमांडर हल्ला करत नाही, पण सँड मॉडेलवर कोणाला धापही लागत नाही. तसंच इथे. हेडफोन छातीवर खर्जाचा धक्का देत नाही. साधनातलं डोकं तुमचं नसतं. डोळ्यांना घरची छोटी खोली दिसते आणि कानांना मोठा स्टुडिओ, त्यामुळेही भास कधी कधी पटत नाही.

म्हणून तीन गोष्टी. एक, साधन कोणतंही घ्या, पण एकच खोली आणि एकच स्पीकर निवडून महिनाभर त्यावर आपल्या आवडीची, ओळखीची गाणी ऐका. १९७८ साली आलेला यामाहाचा पांढऱ्या पडद्याचा एनएस-१० हा स्पीकर जगभरच्या स्टुडिओंत बसला तो गोड वाजतो म्हणून नव्हे. त्यावर कसं ऐकू येतं हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं आणि त्यावर दोष लपत नसत. दोन, मिक्स संपवण्यापूर्वी ते मोटारीत, मोबाईलच्या उघड्या स्पीकरवर आणि एकाच वाहिनीत ऐकून पाहा. तीन, आवाज बेताचा ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे की ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये. तोफांच्या शेजारी नोकरी केलेल्या माणसांत मी वावरलो आहे. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

आदेरच्या प्रेक्षकांनी दोन रिसीव्हर कानाला लावले, तेव्हा डोकं आणि खोली दोन्ही बाजूला पडली होती. रॅले, ब्लमलाइन, बाउअर, अटल यांनी त्यांचा एकेक तुकडा मोजून परत आणला. आज ते सगळं एका मुलाच्या संगणकात मावतं. तुमच्या घरी असं गाणं करणारं कोणी असेल, तर त्यांना हा भाग जरूर ऐकवा, आणि त्यांचं गाणं तुम्ही मोटारीत लावून ऐका. बेस जास्त वाटला तर स्पष्ट सांगा. त्या मुलाला तुमच्याकडून तेवढीच मदत हवी आहे.

जय हिंद.